सोलापूरहून नाताळात थीम पार्क रिसॉर्ट: आजी-आजोबांसकट कुठे जावं?

जुळे_सोलापूर

नमस्कार मंडळी,

नवऱ्याला वर्षअखेरीला एकदाची रजा मिळालीय. मुलीच्या शाळेला नाताळची सुट्टी आहे. आम्ही सहाजण: आम्ही दोघं, मुलगी (वय ११), मुलगा (वय ४), सासू-सासरे. सासऱ्यांना बीपी आहे, सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात. लेकीने रोलरकोस्टरचे व्हिडिओ बघून डोकं उठवलंय. धाकट्याला खोलीत बाथटब असला की बाकी काही नको.

दोन पर्याय डोक्यात आहेत. एक, हैदराबादच्या पलीकडची रामोजी फिल्म सिटी, तिथल्याच हॉटेलात मुक्काम. दुसरा, खोपोलीचं इमॅजिका, त्यांच्या शेजारच्या हॉटेलात मुक्काम. गाडी आपलीच. अंतर दोन्हीकडे सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटरच्या घरात, त्यामुळे त्यावरून काही ठरत नाही.

सगळ्यांना काही ना काही मिळेल असं कुठे आहे? आणि तिथेच राहण्यासाठी जे जास्तीचे पैसे मोजायचे ते वसूल होतात का? अनुभव असलेल्यांनी प्लीज लिहा. "त्यापेक्षा केरळला जा" असं कुणी लिहू नये. :-)

कडक_भाकरी

एवढ्या लांब कशाला जायलालाव ओ ताई? पंधरा दिवस कळ काढा, होम मैदानावर सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरतोच. पाळणा, ब्रेक डान्स, मौत का कुआँ, सगळं आहे. मुक्कामाला आमचं घर. बाथटब नाही, हौद आहे.

निशिगंध

कडक_भाकरी, हौद! =))

ताई, आम्ही रामोजीला आतच राहिलो होतो, आई-बाबा बरोबर होते. सविस्तर लिहिते.

आधी एक लक्षात घ्या, रामोजी हे राइडवालं पार्क नाही. ती खरीखुरी फिल्म सिटी आहे. १९९६ साली सुरू झाली, आणि जगातला सगळ्यात मोठा स्टुडिओ म्हणून गिनीजमध्ये १,६६६ एकरांची नोंद आहे. त्यामुळे दिवसाचा मोठा भाग बसने हिंडण्यात जातो. लाल रंगाच्या उघड्या बस असतात, गाईड माईकवरून सांगत असतो. हा विमानतळ, हे रेल्वे स्टेशन, हे लंडन, ही मुघल बाग. एकाच इमारतीची एक बाजू दवाखाना आणि दुसरी बाजू कोर्ट, हे बघून बाबा इतके खूश झाले की पुढचे काही दिवस टीव्हीवर मालिका लागली की "ही मागची बाजू" असं ओरडायचे. बाहुबलीचा सेटही बघायला ठेवलाय.

म्हाताऱ्या माणसांना हे सोयीचं जातं, कारण बघायचं बरंचसं बसल्या जागेवरून. वाइल्ड वेस्टचा स्टंट शो, नाचगाण्याचे कार्यक्रम, हेही बसूनच. फुलपाखरांच्या आणि पक्ष्यांच्या बागेत मात्र चालावं लागतं. चढउतारही आहे.

लहानांसाठी फंडुस्तान म्हणून भाग आहे, तुमचा चार वर्षांचा तिथून हलणार नाही. पण अकरा वर्षांच्या मुलीला रोलरकोस्टरच हवा असेल तर ती तिथे तोंड पाडून बसेल, हे आधीच सांगून ठेवते.

मुक्कामाबद्दल: आत सितारा, तारा, शांतिनिकेतन अशी वेगवेगळ्या दरांची हॉटेलं आहेत. मुक्काम आणि फिरणं मिळून पॅकेज असतं. आत राहण्याचा खरा फायदा संध्याकाळी कळतो. हिवाळ्यात त्यांचा खास उत्सव असतो, रोषणाई, मिरवणूक, गाणी. शहरातून आलेले लोक त्या वेळी पार्किंगकडे पळत असतात, आणि आपण खोलीवर जाऊन, चहा पिऊन, स्वेटर चढवून परत येतो.

खोपोलीकर

माझं नाव बघून पक्षपात वाटेल, तो आहेच.

मुलीचं ऐकायचं तर इमॅजिका. नायट्रो नावाचा कोस्टर आहे, पायाखाली फळी नसलेला. पाय हवेत लोंबकळत राहतात आणि वर पाच वेळा उलटं करतात. डीप स्पेस पूर्ण अंधारात. हे दोन केले की मुलगी वर्षभर गप्प.

पण सगळंच उलटंपालटं नाही. 'आय फॉर इंडिया'मध्ये खुर्चीत बसून भल्यामोठ्या पडद्यासमोर तरंगत भारतभर फिरवून आणतात. राजासॉरसमध्ये होडीतून डायनासोरांच्या मधून जायचं. (हा डायनासोर कल्पनेतला नाही बरं, राजासॉरसचे अवशेष गुजरातेत सापडलेत. मुलीला सांगा, शाळेत भाव खाईल.) शेवटी होडी धाडकन खाली येते आणि भिजवते.

मुख्य पार्क २०१३ चं, वॉटर पार्क २०१४ चं, बर्फाचं २०१६ चं. तिन्हींची तिकिटं वेगळी. एका दिवसात दोन करायचा लोभ धरू नका. हॉटेल पार्कला लागूनच आहे, त्यामुळे दुपारी आजी-आजोबा खोलीवर जाऊन झोपू शकतात. तुमच्या केसमध्ये याचेच पैसे आहेत असं समजा.

माळदांडी

मी धागा वाचून गप्प बसणार होतो, पण राहवत नाही. डिसेंबर-जानेवारी हा सोलापूर जिल्ह्यात राहण्याचा महिना आहे आणि तुम्ही नेमक्या त्याच वेळी बाहेर पळताय. ज्वारी हुरड्यात येते. शेतात आगटी पेटवायची, कोवळी कणसं भाजायची, गरम गरम हुरडा, सोबत शेंगा चटणी, गूळ, दही. हल्ली कृषी पर्यटनवाल्यांकडे झोके, बैलगाडी, मुक्कामाला खोल्या सगळं असतं. तिथून उजनीच्या पाण्यावर भिगवणला फ्लेमिंगो बघून या. सगळं मिळून तुमच्या एका खोलीच्या भाड्यात होईल.

ऋता_ऋ

माळदांडी, +१, हुरडा तर हवाच. पण अकरा वर्षांच्या मुलीला "रोलरकोस्टर नको, हुरडा खा" म्हणणारे वडील मी पाहिलेत. त्या मुली मोठ्या झाल्यावर असे धागे काढतात.

ताई, तारखांबद्दल एक सावधगिरीची सूचना. २४ आणि ३१ डिसेंबरला बऱ्याच रिसॉर्टमध्ये 'गाला डिनर' बिलात सक्तीने लावतात. एका थंड हवेच्या ठिकाणच्या रिसॉर्टमध्ये (नाव लिहीत नाही) आमच्याकडून माणशी तेवढे पैसे घेतले. लहान मुलांचेही घेतले. आमची मुलं साडेआठला वरणभात खाऊन झोपली. मोठे लोक दहा वाजता बुफेच्या रांगेत उभे, आणि बाजूला डीजे. सासरे रात्रभर "हे कधी थांबणार" विचारत होते, त्यांना वाटलं मीच लावलाय. बुकिंग करताना स्पष्ट विचारा: डिनर सक्तीचं आहे का, किती वयाखाली माफ, आणि खोली आवाजापासून लांब मिळेल का. उत्तर लेखी घ्या, मेसेजवर चालेल.

साखरपेठकर

आमचं अर्धं गोत तेलंगणात, त्यामुळे हा रस्ता पाठ आहे. नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद, संगारेड्डी, आणि पटनचेरूच्या आसपास हैदराबादच्या आउटर रिंग रोडला लागायचं. शहरात शिरायचं नाही, कितीही मोह झाला तरी. दक्षिणेकडच्या बाजूने रिंग रोड धरून पेद्दा अंबरपेटला उतरा, तिथून रामोजी जवळ. गंमत म्हणजे रामोजी ज्या रस्त्यावर आहे तो आपलाच ६५ नंबर. पुण्याहून निघतो, सोलापुरातून जातो आणि हैदराबाद ओलांडून विजयवाड्याकडे जातो.

आता मुलीचं. याच रिंग रोडवर पेद्दा अंबरपेटच्या आधी वंडरला लागतं, रावीर्यालाजवळ. २०१६ पासून आहे. तिथे रोलरकोस्टर आहेत. एक तर उलटा, म्हणजे पाठीमागे जाणारा. वंडरलाचं रिसॉर्ट बेंगळुरूच्या पार्कला आहे, हैदराबादचं पार्क दिवसाभराचं. म्हणजे मुक्काम रामोजीला आणि एक दिवस बाप-लेक वंडरलाला, असं जमतं. तुमचा प्रश्न खरं तर "रामोजी की खोपोली" असा नाहीच.

जुळे_सोलापूर

साखरपेठकर, हे माहीतच नव्हतं! धन्यवाद. रात्री नवऱ्याला दाखवते. मुलीला मात्र अजून दाखवत नाही.

कडक_भाकरी

विमानाने जा की. होटगी रोडवरून आता विमान उडतंय, विमानाच्या वाटेतली कारखान्याची चिमणी काय उगीच पाडली का?

निशिगंध

ते गोव्याला आणि मुंबईला जातं. रामोजीत विमानतळ आहे पण तो सेट आहे. :-D

कडक_भाकरी

आमचाही बरीच वर्षं सेटच होता की.

खोपोलीकर

=)) =))

टर्बाइन

उंचीबद्दल अजून कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. मी यंत्रांच्या धंद्यातला माणूस आहे (पार्कच्या नाही).

मोठ्या राइडवर वयाने नाही, उंचीने सोडतात. कोस्टरच्या गाडीला बहुतेक वेळा स्वतःचं इंजिन नसतं. साखळी वर ओढते, आणि तिथून पुढचं सगळं काम गुरुत्वाकर्षणाचं. वळणावर आणि उलटं होताना माणसाला जागेवर धरून ठेवायचं काम छातीवर किंवा मांडीवर येणाऱ्या दांड्याचं. तो दांडा ठरावीक मापाच्या शरीरासाठी बनवलेला असतो. मूल छोटं असेल तर दांडा शेवटपर्यंत खाली येऊनही मध्ये फट राहते. म्हणून गेटवर माप लावलेलं असतं, आणि तिथला मुलगा कितीही विनवलंत तरी ऐकत नाही. ऐकूही नये.

तर मुलीची उंची घरी, चप्पल काढून मोजा आणि मग पार्कच्या संकेतस्थळावर प्रत्येक राइडची किमान उंची बघा. अकरा वर्षांची मुलं अगदी त्या रेषेच्या अलीकडे-पलीकडे असतात. तीनशे किलोमीटर जाऊन रेषेखाली भरली तर तुमची सुट्टी संपली. काही ठिकाणी तिकिटाचा दरही उंचीवरच ठरतो, तेही बघून घ्या.

सातरस्ता

टर्बाइनभाऊ, मग गड्ड्यातल्या पाळण्याला हे माप का नसतं? तिथे तर "बस बे पोरा" म्हणून बसवतात.

टर्बाइन

तो पाळणा ट्रकमधून येतो, काही दिवसांत उभा राहतो आणि यात्रा संपली की सुटा होऊन पुढच्या गावाला जातो. पार्कातली राइड कायमच्या पायावर असते, रोज सकाळी माणसं बसवायच्या आधी रिकामी फिरवून बघतात. गड्ड्याला नावं ठेवत नाही, मी स्वतः दरवर्षी बसतो. पण सर्वात वरच्या टोकाला पाळणा थांबला की मी खालचे नटबोल्ट आठवत बसतो. बायको सिद्धेश्वराचं नाव घेते.

औषधवाली

बीपीबद्दल: जवळपास सगळ्या मोठ्या राइडवर हृदयरोग, उच्च रक्तदाब, पाठीचं-मानेचं दुखणं आणि गरोदरपणात बसू नये असं लिहिलेलं असतं. ती पाटी मनावर घ्या. सासऱ्यांना "काही होत नाही हो" म्हणून बसवणारा एक तरी नातेवाईक प्रत्येक सहलीत असतो.

दुसरं, पडद्यासमोर हलणाऱ्या खुर्चीच्या राइड दिसायला सौम्य असतात पण काहींना त्यातच जास्त गरगरतं. डोळे सांगतात आपण उडतोय, आतला कान सांगतो तू बसलेला आहेस. हा झगडा मेंदूला झेपत नाही, मग मळमळ. अशा वेळी डोळे मिटून घ्यायचे. गाडी लागते त्यांना इथेही लागण्याची शक्यता जास्त. गोळी घ्यायची तर आपल्या डॉक्टरांना विचारून, विशेषतः बीपीच्या गोळ्या चालू असताना. आणि राइडच्या आधी भरपेट नाश्ता नको. "पैसे भरलेत, चौथा डोसा घे" हा मोह आवरा.

पेन्शनर_नं_१

सगळा धागा वाचला. मी आजोबा आहे, गुडघेही दुखतात, म्हणून हक्काने बोलतो.

तुम्ही सगळेजण म्हाताऱ्यांना कुठे बसवायचं, कधी झोपवायचं, कशात चढवायचं नाही, एवढंच बोलताय. सामान कुठे ठेवायचं यावर जशी चर्चा होते तशी. त्यांना कुणी विचारलं का?

मागे एकदा मुलगा आम्हाला अशाच एका पार्कात घेऊन गेला. सकाळी बाकावर बसवलं, हातात सहा जणांच्या पिशव्या, चपला, मोबाईल दिले आणि "इथेच थांबा हं" म्हणून सगळे गायब. आम्ही दोघं दिवसभर क्लोकरूम. लॉकर भाड्याने मिळत होता, पण आई-वडील फुकट होते.

माझी सूचना अशी की एक संपूर्ण दिवस सासू-सासऱ्यांना ठरवू द्या. हैदराबादला निघालात तर वाटेत नळदुर्गचा किल्ला आहे, पाणीमहाल आहे. नर-मादी धबधबा पावसाळ्यात, आत्ता नाही दिसणार, पण किल्ला बघण्यासारखा आहे. त्यांना सालारजंग म्युझियम बघायचं असेल. कदाचित त्यांना रोलरकोस्टर नको पण होडी हवी असेल. कदाचित त्यांना यायचंच नसेल! तेही चालतं, आम्हाला घरात दोन दिवस एकटं राहायला आवडतं, पण हे सांगायची चोरी.

ऋता_ऋ

काका, दंडवत. "आई-वडील फुकट होते" हे वाक्य आमच्या घरच्या ग्रुपवर टाकतेय.

खोपोलीकर

पेन्शनरकाका, मान्य. पण उलटही असतं. माझी आई बाकावर बसायला एका पायावर तयार असते. स्वेटर विणते, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे कपडे बघते आणि रात्री आम्हाला सगळ्या पार्कची बातमी देते. तिला राइडमध्ये ओढणं हाच छळ होईल. विचारावं हे मात्र खरं.

सातरस्ता

मूळ मुद्दा राहिला: खाणं. आत बाहेरचे पदार्थ नेऊ देतात का? आमच्या घरात कडक भाकरी आणि शेंगा चटणीशिवाय गाडीला किल्लीच लागत नाही.

निशिगंध

पार्कांमध्ये सहसा बाहेरचं खाणं गेटवरच ठेवून घेतात, तान्ह्या बाळाचं सोडून. चटणी हॉटेलच्या खोलीत ठेवा. सकाळी बुफेतल्या इडलीवर घालून खाल्ली आम्ही, शेजारच्या टेबलावरच्या तेलुगू काकूंनी चमचाभर मागून घेतली.

साखरपेठकर

त्या काकू सोलापूरच्याच असणार, चौकशी करा.

माळदांडी

आणि परत आल्यावर हुरडा आहेच. जानेवारीतही असतो. मी वाट बघतोय.

डोंगरवाट

खोपोलीच्या बाजूने एक व्यवहारातली अडचण. नाताळ ते नववर्ष पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर घाटात वाहनांची रांग लागते. तुम्हाला पुणे ओलांडून, बोरघाट उतरून जायचंय. सोलापूरहून पहाटे निघालात तरी नेमके गर्दीच्या वेळी घाटात पोचाल. हैदराबादच्या रस्त्याला घाट नाही. चार वर्षांचा मुलगा आणि गुडघे दुखणाऱ्या आजी गाडीत असताना हे महत्त्वाचं. शक्य असेल तर नाताळचा आठवडा टाळून जानेवारीतले मधले वार बघा, कुठेही जा.

जुळे_सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. घरी काय झालं ते सांगते.

पेन्शनरकाकांचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, "मला विचारताय तर सांगते, भोगीला सिद्धेश्वराच्या अक्षता सोहळ्याला मी संमती कट्ट्यावर असणार, त्याच्या आत मला घरी आणून सोडा. मधे कुठेही न्या." म्हणजे जानेवारीचा दुसरा आठवडा बाद. त्या पुढे म्हणाल्या की त्यांना सेट बघायचेत. सगळ्या मालिका त्याच बघतात, आम्ही विसरलोच होतो. सासऱ्यांना सालारजंगमधलं ते घड्याळ बघायचंय ज्यात तासाला माणूस बाहेर येऊन टोले देतो. तरुणपणी कुणाच्या तरी लग्नाला गेले होते तेव्हा राहून गेलं म्हणे.

मुलीची उंची दाराच्या चौकटीला उभं करून मोजली. वंडरलाच्या संकेतस्थळाशी ताडून बघितलं, जमतंय. इमॅजिकाच्या सगळ्यात मोठ्या राइडला एखाद वर्ष थांबावं लागेल असं दिसतंय, त्यामुळे तिनेच खोपोली पुढे ढकललं. आम्हाला वाद घालावा लागला नाही.

तर हैदराबाद. नववर्षाची गर्दी ओसरली की निघणार, मुलीची शाळा एक-दोन दिवस बुडेल. एक दिवस बाप-लेक वंडरलाला आणि आम्ही बाकीचे सालारजंगला, बाकी रामोजीत. हॉटेलला 'गाला' आहे का विचारलं, त्या तारखांना नाही म्हणाले. मेसेज जपून ठेवलाय, ऋता.

पेन्शनर_नं_१

शाब्बास. टोले ऐकायला पूर्ण तासाच्या थोडं आधी जाऊन बसा, घड्याळासमोर गर्दी होते. दुपारी बारा वाजताचा गाठलात तर बारा टोले मिळतील, एकला गेलात तर एकच.

टर्बाइन

सालारजंग शुक्रवारी बंद असतं, तेवढं बघून वार ठरवा.

कडक_भाकरी

आणि बाथटबचं काय झालं ओ ताई? बारक्याला कुणी विचारलंच नाही.

जुळे_सोलापूर

बाथटब असलेली खोली घेतली. थोडी महाग पडली. नवरा म्हणतोय, याच्यापेक्षा हौद बरा होता.

रेल्वेलाईन्स

उशिरा आले धाग्यावर. आमच्याकडे गाडी नाही, पण हे वाचून आम्हालाही जावंसं वाटतंय. रेल्वेने रामोजीला कसं जायचं? दोन मुलं, एक आजी, सामान.

साखरपेठकर

हुसेनसागर एक्स्प्रेस पकडा, ती सोलापूरवरून जाते आणि हैदराबादच्या नामपल्ली स्टेशनलाच संपते, त्यामुळे झोपेत पुढे जायची भीती नाही. नामपल्लीला मेट्रोचं स्टेशन आहे, लाल मार्ग, एल. बी. नगरच्या दिशेची बसा आणि शेवटच्या स्टेशनला उतरा. तिथून विजयवाड्याच्या रस्त्याने जाणाऱ्या सरकारी बस मिळतात, नाहीतर रिक्षा-टॅक्सी. आजी आणि सामान असेल तर बसऐवजी तिथून टॅक्सीच करा, तेवढंच अंतर उरलेलं असतं. आणि येतानाचं तिकीट आधी काढा. गड्ड्याच्या सुमारास तिकडून सोलापूरला येणारी आमचीच इतकी माणसं असतात की ऐनवेळी उभं राहून यावं लागेल.